पुलावरची तार



मनमाडहून जालन्याकडे रेल्वेची विजेची तार ओढण्याचे काम चालू होते, त्या दिवसांतली गोष्ट. मी वर्गात विद्युत्प्रवाह शिकवीत होतो. बदनापूरकडून रोज ये-जा करणारा एक विद्यार्थी मागच्या बाकावरून उठला आणि म्हणाला, “सर, सगळ्या रस्त्याला तार लावतेत ते ठीक आहे. पण दुधनेच्या पुलावर कामून लावतेत? पूल तो केवढा! गाडी ताकदीनं आली की आपसूक पार होती. तेवढा खर्च तरी वाचल.”

वर्ग हसला. मला मात्र हसू आले नाही. प्रश्न भाबडा वाटला तरी तो खोटा नव्हता. नदीच्या पात्रावर तार नेणे म्हणजे सपाट रानात खांब रोवण्याइतके सोपे काम नव्हे. मग दीड-दोनशे पावलांसाठी एवढा खटाटोप का करावयाचा? आजच्या भाषणात याच प्रश्नाचे उत्तर आपण शोधू या. उत्तर एका पुलापुरते दिसेल. पण त्यात आपल्या खताच्या गोणीचा, कापसाच्या गाठीचा, जालन्याच्या लोखंडी सळईचा आणि आपल्या लेकराबाळांच्या जिवाचाही संबंध आहे.

आधी आपला मार्ग डोळ्यांपुढे आणा. मनमाडहून निघाले की औरंगाबाद, म्हणजे आताचे छत्रपती संभाजीनगर. तेथून पुढे करमाड, बदनापूर, दिनेगाव आणि मग जालना. मनमाड ते जालना हे अंतर पावणेदोनशे किलोमीटरांच्या आसपास. संभाजीनगर सोडल्यावर जालना येण्यापूर्वी दुधना ओलांडावी लागते. बदनापूर त्याच दुधनेच्या काठचे गाव. आणि बदनापूरच्या पुढचे स्टेशन जे दिनेगाव, त्याच्याजवळ जवसगाव-दरेगावच्या शिवारात कोरड्या बंदरासाठी, म्हणजे ड्राय पोर्टसाठी, जागा घेण्यात आली. २०१५ च्या डिसेंबरात तेथे पायाभरणी झाली. समुद्र चारशे किलोमीटरांवर, आणि बंदर आमच्या ज्वारीच्या रानात! नाव ऐकून कोणालाही नवल वाटेल. पण हेतू सरळ आहे. न्हावा-शेव्याला जी कागदपत्रे आणि तपासणी व्हावयाची ती येथेच व्हावी, पेटी येथेच बंद व्हावी, आणि आगगाडीने ती थेट जहाजाच्या कडेला जाऊन लागावी.

म्हणजे पाहा, अलीकडे नदी, नदीवर पूल, आणि पूल ओलांडून थोडे पुढे गेले की मालगाड्यांचे ठाणे. आमच्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे उत्तर या शेजारात दडलेले आहे.

हा मार्ग जुना आहे. निजामाच्या राज्यात, १९०० च्या सुमारास, हैदराबाद-गोदावरी खोऱ्याचा लोहमार्ग म्हणून तो तयार झाला. पण तो होता मीटर गेजचा, लहान रुळांचा. मनमाडला मुंबईची मोठी लाइन भेटे. आमच्याकडचा कापूस मनमाडपर्यंत जाई आणि तेथे अडे. लहान वाघिणीतून गाठी उतरवावयाच्या, हमालांच्या पाठीवरून मोठ्या वाघिणीत चढवावयाच्या, आणि मग पुढे. येणारा मालही तसाच. गावातल्या म्हाताऱ्या माणसांना हे अजून आठवते. अंतर फारसे नव्हते, पण मध्ये सांधा होता, आणि माल सांध्यावर कुजत असे. १९९० च्या दशकात मोठी लाइन आली तेव्हा हा खोळंबा मिटला.

तो मिटला, पण दुसरा उरला. मुंबईकडे रेल्वेला वीज फार आधी आली. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया टर्मिनसपासून कुर्ल्यापर्यंत पहिली विजेची गाडी धावली. १९३० पर्यंत तार घाट चढून पुण्याला आणि इगतपुरीला पोहोचली. १९६० च्या दशकाच्या अखेरीस ती इगतपुरीहून मनमाडवरून भुसावळकडे गेली. म्हणजे मनमाडला वीज होती आणि जालन्याला नव्हती. अशी ५० वर्षांहून जास्त गेली. आमच्या गाडीपुढे दोनच मार्ग असत. एकतर मनमाडला इंजिन बदला. नाहीतर डोक्यावर विजेची तार असताना तिच्याखालून डिझेल जाळीत मुंबईपर्यंत जा.

इंजिन बदलणे म्हणजे बैल सोडून दुसरे जुंपण्याइतके सोपे नसते. एक इंजिन सोडावयाचे, ते बाजूला न्यावयाचे, दुसरे आणून जोडावयाचे, सगळ्या वाघिणींच्या ब्रेकच्या नळीत हवा पुन्हा भरावयाची, ब्रेक लागतो की नाही ते तपासावयाचे, आणि मग सिग्नलची वाट पाहावयाची. एवढ्यात मृगाचा पाऊस पडून जातो आणि युरियाची गाडी अजून वाटेतच असते.

२०२३ साली तार जालन्यापर्यंत आली. त्या वर्षीच्या ३० डिसेंबरला जालन्याहून मुंबईला वंदे भारत गाडी सुरू झाली. ती गाडी पूर्णपणे विजेवर चालते. तार नसती तर ती येथून हललीच नसती. पुढे २०२५ मध्ये ती नांदेडपर्यंत वाढली. कुर्ल्याची तार जालन्याला यावयास ९८ वर्षे लागली, असे म्हणावयास हरकत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. विजेच्या इंजिनाच्या पोटात कोळसा नसतो की तेल नसते. त्याच्या माथ्यावर घडी उघडल्यासारखी एक चौकट असते, तिला पँटोग्राफ म्हणतात. ती वरच्या तारेला खालून सतत टेकून असते. तारेतून २५,००० व्होल्टची वीज इंजिनात येते, मोटारी फिरवते, आणि चाकांतून रुळांत उतरून पुन्हा उपकेंद्राकडे जाते. असे हे वर्तुळ. आपल्या घरातल्या विजेच्या शंभर पटींहून जास्त हा दाब. या विजेवर वॅग-९ जातीचे मालगाडीचे इंजिन सहा हजारांवर अश्वशक्ती देते. जुन्या डब्ल्यूडीएम-२ या डिझेल इंजिनाची ताकद २,६०० होती. पण ही सहा हजारांची ताकद त्या एका स्पर्शावर अवलंबून. स्पर्श सुटला की ताकद शून्य.

तुम्ही विचाराल, मग तार कधीच खंडित नसते काय? असते, श्रोतेहो! आणि येथेच आमच्या विद्यार्थ्याचा प्रश्न किती बरोबर होता ते दिसते. शेतात पंप चालवणाऱ्यांना तीन फेज म्हणजे काय हे सांगावयास नको. रेल्वेचे एक उपकेंद्र या तीनांपैकी एका जोडीवरून वीज घेते, तर त्याच्या शेजारचे दुसऱ्या जोडीवरून. कारण सगळा भार एकाच जोडीवर पडू नये. पण मग या दोन उपकेंद्रांच्या विजा एकमेकींना भिडता कामा नयेत. म्हणून त्यांच्या सीमेवर तारेचा एक तुकडा जाणूनबुजून बिनविजेचा ठेवतात. रेल्वेवाले त्याला न्यूट्रल सेक्शन म्हणतात. तो काही मीटरांपासून चाळीसेक मीटरांपर्यंत असतो. त्याच्या पाचशे मीटर आणि अडीचशे मीटर आधी सूचनेचे फलक लावलेले असतात. ड्रायव्हर वीज तोडतो, गाडी आपल्या वेगाने घरंगळत तेवढा तुकडा पार करते, आणि पलीकडे वीज पुन्हा जोडली जाते. आत बसलेल्या उतारूंना पत्ताही लागत नाही.

म्हणजे “गाडी ताकदीनं आली की आपसूक पार होती” हे खरे आहे. मग पुलाला का चालू नये?

याचे उत्तर आपल्या बैलगाडीत आहे. भरलेली गाडी ओढ्यात घालावयाची असते तेव्हा शहाणा शेतकरी काय करतो? काठावरूनच बैलांना हाक मारतो, गाडीला वेग देतो, आणि त्या वेगाच्या जोरावर पाणी आणि पलीकडचा चढ काढतो. ओढ्याच्या मधोमध गाडी थांबली की संपले. चाके रेतीत रुततात, बैल कितीही चांगले असले तरी उपयोग होत नाही, आणि मग दुसरी जोडी आणावी लागते.

आगगाडीचेही असेच. वेगाने येणारी गाडी इंजिन बंद केल्यावर किती पुढे जाईल, याचा हिशेब साधा आहे. वेग निम्मा झाला की हा पल्ला निम्मा होत नाही, चौथाई होतो. ताशी ६० किलोमीटरने येणारी गाडी सपाट रुळावर जेवढी घरंगळेल, त्याच्या फक्त सोळाव्या हिश्श्याएवढी ताशी १५ किलोमीटरने येणारी गाडी घरंगळेल. त्यात नदीनंतर बहुधा चढ असतो. चढ आला की हा सोळावा हिस्साही उरत नाही.

शिक्षकबंधुभगिनींनो, हे मुलांना फळ्यावर सांगू नका, मैदानावर दाखवा. सायकलवर एक मुलगा बसवा. चुन्याच्या रेघेपाशी आला की त्याने पाय थांबवावेत, आणि सायकल कोठपर्यंत जाते ते पावलांनी मोजावे. एकदा हळू, एकदा दुप्पट वेगाने. दुप्पट वेगाला पल्ला चौपटीच्या जवळपास जातो हे पाहून मुलांचे डोळे मोठे होतात. वाऱ्यामुळे आकडा नेमका जमणार नाही, पण गोष्ट मनात ठसेल.

आता मालाच्या यार्डाजवळ गाड्या कशा चालतात ते पाहा. पूर्ण भरलेली मालगाडी चार-पाच हजार टनांच्या घरात असते आणि सहाशे-सातशे मीटर लांब. यार्ड जवळ आले की ती वेगात येत नाही. तिला बाजूच्या रुळावर जावयाचे असते, सांधे ओलांडावयाचे असतात. पुष्कळदा आत जागा रिकामी नसते; मग यार्डाबाहेरच्या लाल सिग्नलपाशी ती उभी राहते. यार्डाच्या तोंडाशीच नदी असेल तर इंजिन नेमके पुलावर उभे राहण्याचा संभव. यार्डातून निघणारी गाडीही तशीच. नुकती हललेली, सगळा भार अंगावर, वेग अजून आलेला नाही, आणि समोर पूल. शिवाय यार्डात वाघिणी इकडच्या तिकडे करताना, ज्याला शंटिंग म्हणतात त्यात, इंजिन पुढे-मागे होताना पुलापर्यंत जाते आणि परतते. अशा वेळी पुलावर तार नसेल तर? सहा हजार अश्वशक्तीचे इंजिन ओढ्यातल्या बैलगाडीसारखे जागच्या जागी निपचित उभे. त्याला ओढावयास दुसरे इंजिन डिझेलचे आणावे लागेल. आमचा हा मार्ग मुळात एकेरी घातलेला. एकेरी मार्गावर एक गाडी अडली की दोन्ही बाजूंची वाहतूक बंद.

म्हणूनच न्यूट्रल सेक्शनसुद्धा कोठेही ठेवीत नाहीत. यार्डापासून, थांब्याच्या सिग्नलपासून आणि चढापासून दूर, जेथे गाडी हमखास वेगात असते अशीच जागा त्यासाठी निवडतात. खंड पडू द्यावयाचाच, तर तो गाडी थांबणार नाही तेथे. यार्डाशेजारचा पूल ही तर थांबण्याचीच जागा. म्हणून पुलावर तार हवीच, आणि यार्डाजवळच्या पुलावर तर आधी हवी.

ही आपल्याकडचीच गोष्ट आहे असे नव्हे. अमेरिकेत पेन्सिल्व्हेनिया रेलरोड नावाची मोठी कंपनी होती. १९३८ साली तिची विजेची तार हॅरिसबर्ग या शहरापर्यंत पोहोचली. शहर सस्क्वेहाना नदीच्या एका काठावर, आणि मालगाड्यांचे प्रचंड यार्ड, एनोला, दुसऱ्या काठावर. उतारू गाड्यांचे काम शहराशी भागले असते. पण मालगाड्यांची जोडणी-मोडणी पलीकडे होत असे. पुढच्या मार्गावर वाफेची इंजिने लागत तीही पलीकडेच. तार अलीकडच्या काठावर थांबवली असती तर प्रत्येक मालगाडीला नदीपाशी इंजिन बदलावे लागले असते, आणि यार्ड असून नसल्यासारखे झाले असते. म्हणून कंपनीने तार नदी ओलांडून एनोलापर्यंत नेली. देश वेगळा, नदी वेगळी. पण हिशेब दुधनेचाच. इंजिन बदलावयाचेच असेल तर ते यार्डात बदलावे, नदीवर नव्हे.

पुलावर तार नेतात कशी, हेही थोडे पाहू. मोकळ्या रानात साठ-बासष्ट मीटरांवर एक खांब रोवता येतो. नदीच्या पात्रात तसा रोवता येत नाही, पूर येतो. म्हणून लहान पूल असेल तर दोन्ही काठांवर खांब. मोठा असेल तर पुलाच्या दगडी किंवा काँक्रीटच्या पायांना धरून खांब उभे करतात. वर लोखंडी कमानी असलेला पूल असेल तर तार त्या चौकटीलाच पण चिनी मातीच्या किंवा तशाच दुसऱ्या विजेला अडवणाऱ्या लट्टूंवर टांगतात, आणि लोखंड व तार यांत पुरेसे अंतर राखतात. पुलाचे सगळे लोखंड जमिनीशी जोडून घेतात, म्हणजे चुकून वीज उतरली तरी ती जमिनीत जावी, माणसाच्या अंगातून नव्हे. एक गंमत तुम्ही सहज पाहू शकाल. तार सरळ रेषेत नसते. ती रुळाच्या मध्यापासून थोडी डावीकडे, थोडी उजवीकडे अशी नागमोडी नेलेली असते. सरळ नेली असती तर पँटोग्राफची पट्टी एकाच जागी घासून तिला खाच पडली असती. मोटेच्या चाकाला नाड्याने पडते तशी!

मोटेवरून आठवले. साठ हात विहिरीला अठ्ठावन्न हात नाडा किती उपयोगी? अठ्ठावन्न हात उपयोगी नव्हे, शून्य उपयोगी. मोट पाण्याला टेकलीच नाही. पुलावर तार वगळून पैसा वाचवणे हे असे दोन हात नाडा वाचवण्यासारखे आहे. मनमाडपासून जालन्यापर्यंत जो खर्च झाला, तो सगळा त्या दोन हातांनी वाया गेला असता. वर्गात मी हेच सांगितले तेव्हा आमचा विद्यार्थी म्हणाला, “म्हणजे सर, मीटर गेजचं मनमाड पुन्हा दुधनेवर आलं असतं!” एवढे नेमके उत्तर मलाही सुचले नव्हते.

आता शेवटची, पण सर्वांत महत्त्वाची गोष्ट. ही तार आपल्या शिवारातून आली, तसा तिचा धोकाही आपल्या शिवारात आला. डिझेलच्या दिवसांत उभ्या वाघिणीवर चढलेले पोर पडले तर हात मोडत असे. आता तसे नाही. हिशेब पाहा. बंदिस्त वाघिणीचे छप्पर रुळापासून चार मीटरांच्या आसपास. वरची तार साधारण साडेपाच मीटरांवर. मध्ये उरला दीड मीटर. माणूस त्याहून उंच असतो. आणि २५,००० व्होल्टला हात लागावा लागत नाही. जवळ गेले तरी ठिणगी झेप घेते. रेल्वेचा नियम दोन मीटर दूर राहण्याचा आहे. म्हणजे वाघिणीवर चढलेला माणूस तारेच्या कक्षेत गेलाच. फोटो काढण्यासाठी उभ्या मालगाडीवर चढलेला एक मुलगा मी स्वतः पाहिला आहे. तो वर उभा राहणार इतक्यात रुळावर काम करणारा एक गँगमन ओरडला आणि पोर वाचले. त्या गँगमनने एका घराचा दिवा राखला. प्रत्येक वेळी असा माणूस जवळ असेलच असे नाही.

म्हणून चार गोष्टी ध्यानात ठेवा. पहिली, तार नेहमी जिवंत आहे असेच समजा. गाडी नसली तरी वीज असते. दुसरी, फाटकापाशी रस्त्यावर जी आडवी उंचीची चौकट लावलेली असते ती ४.६७ मीटर, म्हणजे सव्वापंधरा फुटांच्या थोडी वर असते. कडब्याची, कापसाची गाडी तिच्याखालून जात नसेल तर भार उतरवा. चौकट वाकवून पुढे जाऊ नका. तिसरी, पुलाखाली गुरे चारणाऱ्यांनी, मासे धरणाऱ्यांनी लांब बांबू, ओला दोर, लोखंडी सळई उभी धरून रुळाजवळ जाऊ नये. पोरांनी तेथे पतंग उडवू नये. आणि चौथी, तार तुटून पडलेली दिसली तर तिला काठीनेही हात लावू नका. माणसे-गुरे दूर ठेवा, आणि जवळच्या स्टेशनला किंवा फाटकावरच्या माणसाला कळवा. १३९ या क्रमांकावरही कळवता येते.

मालधक्क्याजवळच्या शाळांतील गुरुजींना आणि बाईंना माझी विनंती आहे. वर सांगितलेला चार आणि साडेपाच मीटरांचा हिशेब पाचवीच्या मुलालाही येतो. वजाबाकीचे उदाहरण म्हणून तो फळ्यावर घाला. “चढू नको” हे मूल विसरेल. स्वतः केलेली वजाबाकी विसरणार नाही.

दुधना आमची जुनी नदी. तिने बैलगाड्या अडवल्या, तिच्यावरून लहान रुळांची गाडी गेली, मग मोठ्या रुळांची गेली, आणि आता तिच्यावरून तार गेली आहे. पुढच्या वेळी तुम्ही त्या पुलावरून जाल तेव्हा खिडकीतून वर पाहा. तेवढा तारेचा तुकडा सबंध मार्गाला जोडून धरतो, हे तुमच्या लक्षात येईल. खिडकीतून पाहा मात्र, हात बाहेर काढू नका.